बिनपोरांची शाळा

नव्वदच्या दशकात एक वर्षभर आमच्या गुदैबियातल्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी सकाळी एक शाळा भरायची. तिच्यात पोर एकही नव्हतं आणि मास्तरही नव्हता. होते ते सगळे संस्थाचालक. शुक्रवार म्हणजे बहरीनमधला रविवार, त्यामुळे मंडळी न्हाऊनधुऊन, इस्त्रीचे शर्ट घालून यायची, दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा, आणि मग माझ्या सोफ्यावर मावतील तेवढे सोफ्यावर, उरलेले सतरंजीवर, असे बसून शाळा काढायला लागायचे. मी आत पोह्यांना फोडणी द्यायची. शाळा काढायला किती पोहे लागतात असं कोणी विचारलं तर मी आजही छातीठोकपणे सांगेन.

हसा खुशाल, पण त्या शाळेवर माझा सगळा संसार टांगलेला होता.

झालं होतं असं की आमची लेक पाचाची व्हायला आली होती आणि तिला शाळाच मिळत नव्हती. आपल्या लोकांच्या पोरांसाठी जी शाळा होती ती गच्च भरलेली. आम्ही नाव घालून आलो तर खिडकीतली बाई म्हणाली, यादी लांब आहे, वाट बघा. बाकीच्या शाळा साहेबांच्या पोरांच्या, तिथली फी ऐकून आमचे हे परत येताना टॅक्सीत बोटांवर पगार मोजत बसले. हे शहराबाहेर सित्रा भागातल्या कारखान्यात सुपरवायझर होते. उजाडायच्या आत कंपनीची बस कोपऱ्यावर यायची आणि यांना घेऊन जायची. पगार बरा होता, पण साहेबांच्या शाळेइतका बरा नव्हता.

आणि आमच्यासारख्यांचा रिवाज ठरलेला होता. पोराला शाळा नाही मिळाली की बायको-पोरं गावाला आणि नवरा इथं. मग तो वर्षातून एकदा रजेवर यायचा, बॅगा भरून साबण आणि दूध पावडर आणायचा, आणि पोर त्याच्याकडे पाहुण्यासारखं दाराआडून बघायचं. आमच्या खालच्या मजल्यावरची बाई अशीच गेली. महिन्याभरात तिच्या नवऱ्याने गॅलरीतली तुळस वाळवून टाकली आणि स्वतःही वाळला. मला चिपळूणला जायचं नव्हतं. चिपळूण माझं माहेर, त्याच्याशी माझं वाकडं असायचं कारण नाही. मला नवऱ्यापाशी राहायचं होतं, एवढं साधं मागणं होतं.

एका संध्याकाळी हे बसमधून उतरून घरी आले, बूट काढता काढता म्हणाले, "आपणच शाळा काढू." जसं काही म्हणावं, आज बाहेरून जेवण मागवू.

पुढच्याच शुक्रवारी संस्था स्थापन झाली. अध्यक्ष ठरले एका मोठ्या कंपनीतले अकाउंटंट. मूळचे साताऱ्याकडचे, आवाज असा की आमच्या हॉलमध्ये बोलले तरी समोरच्या इमारतीतल्या केरळी बाईला शाळेचं धोरण कळायचं. त्यांना गणपती बसवण्याचा दांडगा अनुभव होता. दरवर्षी एका हॉलमध्ये दीड दिवसाचा गणपती ते बसवायचे, म्हणून शाळाही तेच बसवणार हे कोणी न सांगताच ठरलं. दुसरे महत्त्वाचे म्हणजे चाचा. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे, मनाम्यात त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. बहरीनमध्ये उभी हयात गेलेली, अरबी अशी बोलायचे की तिथले लोकही थबकून बघायचे. त्यांच्या नातीलाही शाळा नव्हती. आमचे हे सेक्रेटरी, कारण अक्षर चांगलं आणि बायकोचे पोहे चांगले.

मग सुरू झालं चर्चेचं गुऱ्हाळ. पहिले कित्येक शुक्रवार शाळेच्या नावात गेले. कोणाला थोरामोठ्यांचं नाव हवं, कोणाला इथल्या लोकांना उच्चारता येईल असं. शेवटी नाव समिती नेमली. मग गणवेश. आकाशी घ्यायचा की पिवळा? पिवळ्यावर वाळू दिसत नाही म्हणणारे एक, आणि पिवळ्यात आपली पोरं आणखी काळी दिसतील म्हणणारे दुसरे. तीही समिती झाली. एकदा तर मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत जाहिराती कोणाच्या घ्यायच्या यावर दोघांची बोलाचाली चालली होती. मी ट्रे खाली ठेवला.

"अहो, पण शिकवणार कोण?" मी विचारलं.

अध्यक्षांनी चष्मा वर केला आणि फार आदराने म्हणाले, "वहिनी, तो विषय आजच्या सभेत नाही."

चाचा मात्र खो खो हसले. चाचांचा एकच दोष होता. ते प्रत्येक गोष्टीला इंशाल्ला म्हणायचे आणि ते हो आहे की नाही हे कोणालाच कळायचं नाही. पण काम त्यांनीच पुढे नेलं. तिथं काहीही काढायचं तर तिथला एखादा माणूस मालक म्हणून पुढे उभा करावा लागतो, त्याला कफील म्हणतात. चाचांनी आपलं एक जुनं गिऱ्हाईक त्यासाठी राजी केलं. त्याच्याच ओळखीने सल्मानियात एक रिकामा बंगला मिळाला. पुढे फरसबंद अंगण, अंगणात बदामाचं झाड, आत सहा खोल्या. मी लेकीला घेऊन बघून आले. ती खोल्या-खोल्यांतून पळाली, प्रत्येक खोलीत जाऊन "इथं मी बसणार" म्हणाली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे खरंच होईल.

सरकारात द्यायचा प्रस्ताव यांनी लिहिला. इंग्रजीत. कंपनीतल्या टायपिस्टने जेवणाच्या सुट्टीत टाइप केला, बाइंडिंग करून आणला, वर निळं प्लॅस्टिक. मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत वाचायला बसले. शाळेची चौदा उद्दिष्टं होती. सर्वांगीण विकास, चारित्र्य, शिस्त, दोन देशांची मैत्री, पर्यावरण. लिहायला-वाचायला शिकवणे हे बाराव्या नंबरावर होतं.

"हे जरा वर घ्या की," मी म्हटलं.

यांनी विचार केला आणि नवव्या नंबरावर घेतलं. त्याच्यावर घेतलं तर अध्यक्षांची शिस्त खाली जात होती.

शिक्षण खात्यात प्रस्ताव द्यायला तिघे गेले, अध्यक्ष, चाचा आणि हे. तिघांनी टाय लावले होते. चाचांचा टाय त्यांच्या निकाहाच्या वेळचा असावा. तिथल्या साहेबांनी फार चांगलं वागवलं, छोट्या कपांतून कडू कॉफी दिली. त्या कॉफीची एक रीत आहे, नको असेल तर रिकामा कप हलवून दाखवायचा, नाहीतर ते ओतत राहतात. अध्यक्षांना हे ठाऊक नव्हतं. कप रिकामा ठेवणं असभ्य म्हणून ते पीत गेले, आणि तो पोरगेला माणूस ओततच गेला, आणि चाचांनी मजा म्हणून सांगितलंच नाही. त्या रात्री अध्यक्षांचा डोळ्याला डोळा लागला नाही असं त्यांच्या मंडळींनी मला नंतर सांगितलं. पण काम झालं. साहेबांनी सगळं वाचलं, चार प्रश्न विचारले, आणि म्हणाले, कल्पना चांगली आहे. आमची माणसं येऊन जागा बघून जातील. तोपर्यंत काही सुरू करू नका. अध्यक्ष इंग्रजीत, हिंदीत आणि जमेल तेवढ्या अरबीत हो म्हणाले.

हे घरी आले ते उड्या मारतच. एप्रिलपर्यंत शाळा सुरू होणार, पहिल्या वर्गात पहिलं नाव आपल्या पोरीचं. मी त्या आठवड्यात बाजारातून तिच्यासाठी बदक काढलेलं दप्तर आणलं. ती ते पाठीला लावूनच झोपायची.

आणि मग दसरा आला.

अध्यक्षांच्या घरी भिंतीवर गावाकडून आणलेलं कॅलेंडर होतं. त्यात त्यांनी दसऱ्याला लाल गोल केला होता. बैठकीत ते म्हणाले, "साडेतीन मुहूर्तांतला एक. दिवाळीतला पाडवा अर्धाच, हा चुकला तर पुढचा पुरा थेट गुढीपाडवा, आणि त्याला फार उशीर होईल. पाटीपूजन करून घेऊ."

हे जरा चाचरले. "साहेबांनी थांबा सांगितलंय ना?"

"थांबलोच आहोत की. शाळा कुठे सुरू करतोय? नुसता मुहूर्त करतोय."

यावर कोणाला काही खटकलं नाही. खटकणार कसं? मुहूर्त करून ठेवणं वेगळं आणि काम सुरू करणं वेगळं, हा फरक आपल्या अंगातच असतो. राहायला जायच्या सहा महिने आधी नव्या घरात दूध उतू घालून, कुलूप लावून परत येणारी माणसं आपण. चाचा म्हणाले, "करा, करा. शुभ काम हाय. इंशाल्ला." तेव्हा कोणी विचारलं नाही की हे हो आहे की नाही.

आता ही मंडळी साधा मुहूर्त करतील तर शपथ. हाडाची मंडळवाली. सगळ्यांनी रजा टाकल्या, कारण दसरा आला होता आठवड्याच्या मध्यावर. झेंडू नव्हता म्हणून बायकांनी केशरी कागदाची फुलं करून तोरणं ओवली. आपटा नव्हता म्हणून बदामाची पानं सोनं म्हणून चालवून घेतली. नाव समितीने रातोरात नाव ठरवलं, इतक्या शुक्रवारांत न ठरलेलं, आणि रंगवलेली पाटी फाटकावर चढली. कोणीतरी देवघरातली घंटा आणली. आमच्या ओळखीतली यच्चयावत पोरं नवे कपडे घालून गालिच्यावर ओळीने बसवली, प्रत्येकापुढे पाटी, पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती. चाचांची नात माझ्या लेकीशेजारी बसून तिच्या पाटीवरची सरस्वती बोटाने पुसत होती. प्रसादाचा शिरा माझ्याकडे होता. अध्यक्षांच्या कंपनीचे मोठे साहेब पाहुणे म्हणून यायचे होते, म्हणून अध्यक्षांनी पोरांना तासभर पढवलं होतं, गाडी आली की घंटा होईल, घंटा झाली की सगळ्यांनी उठायचं आणि एका सुरात बोलायचं.

पांढरी गाडी आली. घंटा झाली. पोरं ताडकन उठली आणि सबंध बंगला दणाणून गेला, "गुड मॉर्निंग सर."

दारात खात्याचे दोन साहेब उभे होते, आणि त्यांच्यामागे भिंती मोजायला आलेला इंजिनियर, हातात टेप.

माझ्या हातातला शिऱ्याचा डाव पातेल्यातच राहिला. अध्यक्ष मात्र गणपतीत पाहुणे आल्यावर जे करतात ते करून मोकळे झाले, त्यांनी तिघांवर गुलाबपाणी शिंपडलं. खात्याच्या दोघांतले मोठे साहेब रुमालाने तोंड पुसत फाटकावरची पाटी बघत होते, मग पोरांकडे, मग घंटेकडे.

"शाळा सुरू झाली?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही, नाही," हे म्हणाले.

"मग ही मुलं?"

आता काय सांगणार? चाचा पुढे झाले आणि अरबीत समजावू लागले. बराच वेळ समजावत होते. हात आभाळाकडे गेले, सूर्याकडे गेले, फुटलेल्या नारळाकडे गेले. मुहूर्ताला अरबीत शब्द असेलही, पण चाचांकडे तो नव्हता. साहेबांनी न चिडता सगळं ऐकलं. माणूस खरंच सज्जन होता. शिरा खाल्ला, चांगला झालाय म्हणाले, आणि मग सांगितलं की परवानगी नसताना भरलेली शाळा त्यांना दिसली आहे आणि जे दिसलं ते त्यांना लिहावं लागेल. पाटी उतरवा, मुलांना घरी न्या. अर्ज पुन्हा नव्याने करा, त्याचा विचार त्याच्या क्रमाने होईल. इंजिनियरने टेप उघडलीसुद्धा नाही.

संध्याकाळपर्यंत कफीलला कळलं. त्याने चाचांना फोनवर एवढंच सांगितलं, खलास. दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या मालकाने किल्ली परत मागितली.

पुढच्या शुक्रवारी बैठक झाली. मला वाटलं होतं, निदान कोणीतरी मान खाली घालेल. कसलं काय. पाहुण्यांच्या गाडीचा रंग आधी विचारून घ्यायला हवा होता का, यावर दीड तास चर्चा झाली. दिलगिरीचा ठराव झाला, तो कोणाकडे पाठवायचा हे ठरलं नाही. शेवटी अध्यक्षांनी शिऱ्याबद्दल माझे जाहीर आभार मानले. त्या शुक्रवारी मी पोहे केले नव्हते. नुसता चहा दिला, तोही बिनआल्याचा, आणि कप आदळून ठेवले.

मंडळी गेल्यावर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "पुढच्या वर्षी नक्की होईल," म्हणाले.

"पोर म्हणजे काय लोणचं आहे," मी म्हटलं, "वर्षभर बरणीत मुरवत ठेवायला?"

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता की काय सांगू, आणि त्यांच्या पाठीकडे बघून तेवढंच भरूनही येत होतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. नळाचं पाणी गरमच यायचं तिथं, तोंड धुतलं तरी डोळ्यांची आग जाईना.

नवीन अर्ज केला, त्याचा क्रम आला नाही. एप्रिलमध्ये त्या गच्च भरलेल्या शाळेची यादी लागली, तिच्यात आमचं नाव नव्हतं. चाचांची नात तिच्या आईबरोबर आधीच रत्नागिरीला गेली. मे अखेरीला आमची तिकिटं निघाली. दोन माणसांची.

विमानतळावर सगळी संस्था आली होती. खजुराचे खोके, शाल, आणि बरोबर नेण्यासाठी कोणाकोणाच्या गावची पुडकी. अध्यक्षांचे डोळे खरंच ओले होते, ते मी खोटं सांगणार नाही. ते डोळे पुसत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, जाता जाता तेवढं तुमचं मत सांगा. आकाशी की पिवळा?"

"आकाशी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? यांनी लेकीला कडेवर घेतलं होतं, ती आता कडेवर घेण्याएवढी लहान राहिली नव्हती, तरी शेवटच्या दरवाजापर्यंत उतरवली नाही. पुढे त्या बेटावर आपल्या लोकांच्या पुष्कळ शाळा निघाल्या. आमची त्यांत नव्हती.

जूनमध्ये मी तिला चिपळूणच्या शाळेत घालायला नेलं. माझ्याच जुन्या शाळेत. बाई नवीन होत्या, तरुण, हसऱ्या. त्यांनी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मग लेकीलाच विचारलं, "बाबा काय करतात गं?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "शाळा काढतात."

"हो का? कुठे?"

"बहरीनला."

बाई माझ्याकडे बघून हसल्या. "अगंबाई. मग तू बाबांच्या शाळेत का नाही गेलीस?"

तिने जरा विचार केला. "ती अजून बैठकीत आहे," ती म्हणाली.

बाईंना काही कळलं नाही. मला हसू फुटलं, इतकं की पदर तोंडाशी धरावा लागला. अर्जावर सही करताना हसूच येत होतं. घरी येताना रिक्षात ते कधी थांबलं ते कळलं नाही.

शुक्रवारी यांचा फोन आला. शेजारच्या दुकानात यायचा, दुकानदाराने हाक मारली की आम्ही धावायचो. मी रंगवून सांगितलं, बाई काय म्हणाल्या, ही काय म्हणाली. मला वाटलं, हे खदाखदा हसतील.

"खरंच असं म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंडळी आलीयेत आत्ता. बाहेर बसलीयेत," ते म्हणाले. "मी आज सांगून टाकतो, मला मोकळं करा यातून. आता कोणासाठी काढायची शाळा?"

वर्षभर मी त्या शाळेची टर उडवली होती. पोह्यांवरून, टायांवरून, चौदा उद्दिष्टांवरून. मला तर बरं वाटायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "काढा," मी म्हटलं. "तिथं अजून कोणाची तरी पाचाची होत असेल."

ते तिकडे कोणाला तरी 'आलोच' म्हणाले. मग म्हणाले, "तिला दे."

लेकीने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. दुकानदार बरण्या पुसत होता, मी तिच्याजवळ उभी होते. ते तिकडून काय विचारत होते मला ऐकू येत नव्हतं. ती एकेका प्रश्नाला गंभीरपणे मान हलवत होती, एकदा होकाराची, एकदा नकाराची, मग पुन्हा होकाराची.

"तोंडाने बोल गं," मी तिला म्हटलं. "बाबांना तू दिसत नाहीस."